थोडा वेळ

ओनोफ्रेची गोष्ट मी चार वेळा ऐकली.
चारही वेळा तो त्याच शब्दावर थांबला,
त्याच जागी टोपी काढली,
"तबकडी" म्हणताना डावा हात
तसाच, तेवढाच वर गेला.
झिजून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखी गोष्ट:
पुष्कळ हातांतून फिरली हे कळतं,
कुठल्या टाकसाळीतली, ते नाही.

त्याच्या खानावळीवर पाटी आहे.
हिरव्या डोक्याचा, बटबटीत डोळ्यांचा पाहुणा,
आणि खाली भाजलेल्या कोकराचा भाव.
वहीत लिहिलं: याला फायदा आहे.
मग खोडलं.
उपाशी माणूस खरंच बोलतो,
असं कुणी सांगितलंय?

लिसांद्रो उर्किएता, तांब्याच्या खाणीतले निवृत्त इंजिनिअर.
यांच्याकडे कागद. कोन, अंश, वाऱ्याची दिशा.
छप्पन्न पानं,
आणि एकाही पानावर "बहुधा" नाही.
कोकिंबोच्या हवामान कचेरीत विचारलं:
अकरा वर्षांपूर्वी, त्या आठवड्यात,
वारा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं.
मग हा वारा कुठून आला, साहेब?
ते हसले.
मला वाइनचा आणखी एक पेला दिला.
वारा तसाच राहिला, पान एकोणीसवर.

शेवटी एदुविना.
दरीच्या वर, जिथे रस्ता संपतो
आणि काटेरी कॅक्टसमधून पायवाटच तेवढी उरते.
ऐंशी शेळ्या, खोकणारा एक रेडिओ.
चीजला मीठ चोळता चोळता म्हणाली,
"दिवा होता. कसला, ठाऊक नाही.
शेळ्या उठल्या नाहीत, मी उठले.
मग गेला."
किती वेळ होता?
"थोडा वेळ. चुलीवरचं दूध वर येईस्तोवर."
केवढा मोठा?
"मोठा मी म्हटलं नाही. तू म्हणतोयस."

तिथेच ठरवलं, हिच्यावर विश्वास ठेवायचा.
जिला मला पटवायची घाई नव्हती,
जी "ठाऊक नाही" असं म्हणाली
आणि त्यात तिचं काही कमी झालं नाही.

पण जाता जाता तिने चंद्र सांगितला होता.
डोंगराच्या खांद्यावर,
टरबुजाच्या फोडीएवढा.
चौकीच्या रजिस्टरात तारीख पक्की होती.
वेधशाळेतल्या ग्रासिएलाने तक्ता काढला,
बोट फिरवत फिरवत एका रकान्यावर थांबली:
त्या रात्री अमावास्या.
आणि ओनोफ्रे,
तो पाटीवाला, कोकरूवाला ओनोफ्रे,
चारही वेळा म्हणाला होता,
"काळोख असा, की पायातले बूट दिसेनात."

दोन रात्री तिच्या मनात एक झाल्या असतील.
खोटं नव्हे ते. अकरा वर्षं एकटीने
जपलेल्या वस्तूवर चढते तशी साय.

त्या रात्री लॉजवर टेप पुन्हा लावली,
वही शेजारी उघडून.
टेपवर: "थोडा वेळ."
वहीत: दहा मिनिटं.
टेपवर: "शेळ्या उठल्या नाहीत."
वहीत: जनावरं अस्वस्थ.
अक्षर माझंच होतं. शाई माझीच.
दहा हा आकडा कुणाच्याच तोंडून आलेला नव्हता.
ओनोफ्रेच्या नावापुढे मी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं,
साहेबांपुढे दोन.
वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे.
तिथे जागा मोकळी होती.

सकाळी पुन्हा वर गेलो.
चंद्राचं काही बोललो नाही.
म्हटलं, दूध ठेव ना चुलीवर, तेव्हा ठेवायचीस तसंच,
त्याच पातेल्यात.
तिने काटक्या सारल्या, फुंकर घातली.
मी घड्याळाकडे बघत होतो.
ती माझ्याकडे बघत होती,
बाजारात नव्या गिऱ्हाइकाकडे बघतात तशी,
हा पैसे देईल का,
आणि दिले तर मोजून घ्यावे लागतील का.

दूध अजून वर यायचं होतं.